नळी कुणाची, चूल कुणाची?

राजगडाच्या पायथ्याला पाली हे गाव आहे. गडाच्या एका दरवाजाला याच गावाचं नाव आहे. त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची मंडळी पाली दरवाजाची वाट विचारत येतात आणि जाताना चुलीवरची भाकरी, पिठलं खाऊन जातात. त्यांना चुलीवरच्या जेवणाची चव आवडते. ते रांधणारीला मात्र आधी डोंगरातून लाकडं आणावी लागतात, आणि रांधताना डोळे पुसत बसावं लागतं.

वेल्हे तालुक्यात (आता त्याचं नाव राजगड तालुका झालं आहे) मी काही वर्षं बायांच्या गटांबरोबर काम करते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पालीत एक बैठक ठेवली होती. विषय होता, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याचा. पण बैठक काही सुरू होईना. गॅसची गाडी खालच्या रस्त्यापर्यंत येणार असा निरोप आला होता, आणि निम्म्या बाया रिकाम्या टाक्या घेऊन तिकडं गेल्या होत्या. तासाभरानं काही जणी भरलेली टाकी घेऊन आल्या. कुणी डोक्यावर, कुणी दोघींनी मिळून हातात धरून. काही जणी रिकामी टाकी घेऊन तशाच परतल्या, कारण गाडीवर टाक्या पुरल्या नव्हत्या. मग सातबारा बाजूला राहिला आणि बोलणं गॅसवरच गेलं.

बैठकीत सगळ्यांत वयस्कर असलेल्या एक आजी बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "ताई, लाकूड कुठनं येतं ते आमाला म्हाईत हाय. शेणी कुठनं येती ती म्हाईत हाय. ह्यो ग्यास येतो तरी कुठनं? आन् त्यो यायचा थांबला तर इचारायचं कुणाला?"

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. 'ऊर्जा आणि विकास' असा एक प्रकरणवजा धडाही तेव्हा आम्हांला होता. पण आजींना सांगता येईल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं. "कंपनीकडून येतो" असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. तो प्रश्न मात्र मनातून जाईना. त्याच्या मागं लागले तेव्हा जे हाती आलं, ते मैत्रिणींपुढं मांडावं म्हणून हा लेख.

टाकीमागची वाट

आपल्या देशात स्वयंपाकाला जो गॅस लागतो, त्यातला साधारण साठ टक्के बाहेरून आणावा लागतो. कच्च्या तेलाचं तर याहून अवघड. शंभरातली पंच्याऐंशी पिंपं आणि वर थोडी आयात होतात. आयातीच्या गॅसचा मोठा भाग वर्षानुवर्षं संयुक्त अरब अमिराती, कतार, सौदी अरेबिया आणि कुवेत या आखाती देशांतून येत आला आहे. तिथून निघालेलं जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं. ही चिंचोळी वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएल यांचं युद्ध पेटलं, तेव्हा ही वाट बंद करावी असा ठराव इराणच्या संसदेनं केला होता. त्या दिवसांत आपल्याकडं वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पेट्रोलच्या भावाची आणि शेअरबाजाराची. टाकीवर रांधणाऱ्या बाईचं काय होईल, याचा उल्लेख अगदीच कुठंतरी.

जहाज किनाऱ्याला लागल्यावर पुढचा प्रवास सुरू होतो. उरणहून चाकण-शिक्रापूरकडं जाणारी स्वयंपाकाच्या गॅसची पाईपलाईन आपल्या पुणे जिल्ह्यातूनच जाते. मुंबईहून पेट्रोल-डिझेल आणणारी दुसरी पाईपलाईन घाट चढून लोणी काळभोरला येते आणि पुढं सोलापूरकडं जाते. मग गॅस टाक्यांत भरायचा कारखाना, तिथून मालमोटार, तिथून एजन्सीचं गोदाम, तिथून छोटी गाडी, आणि शेवटी खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत बाईचं डोकं. टाकीत गॅस असतो १४.२ किलो. लोखंडाचं वजन जवळजवळ तेवढंच.

या सगळ्या वाटेत प्रत्येक टप्प्याचा कुणीतरी धनी आहे. जहाजाचा विमा असतो, पाईपलाईनीला पहारा असतो, वाहतुकीचा करार असतो, एजन्सीला कमिशन असतं. शेवटच्या टप्प्याचा करार नाही, मजुरी नाही, त्याची मोजदादही नाही. वाटेत कुठंही अडलं तर त्याची झळ पहिल्यांदा आणि सर्वांत जास्त याच टप्प्याला बसते. गॅस आला नाही म्हणून घरातलं जेवण थांबत नाही. बाई कोयता घेऊन डोंगरात जाते आणि जेवण वेळेवर पानात पडतं. म्हणूनच टंचाई झाली आहे, हे बाहेर कुणाला कळतच नाही.

भांडणं कुणाची, होरपळ कुणाची

तेल आणि गॅस नेणाऱ्या नळीवरून जगात ठिकठिकाणी भांडणं झाली आहेत. ती नुसती देशादेशांतली नसतात. एकाच देशातल्या दोन प्रदेशांतलीही असतात.

आसामचं उदाहरण घ्या. आपल्या देशातला पहिला तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली दिग्बोईला निघाला. स्वातंत्र्यानंतर तिथं आणखी तेल सापडलं, तेव्हा मोठा कारखाना बिहारमध्ये बरौनीला काढायचं ठरलं आणि आसामचं कच्चं तेल पाईपलाईननं तिकडं जाऊ लागलं. याविरुद्ध आसामात १९५७ च्या सुमारास एक आंदोलन झालंच होतं. पुढं १९७९ च्या डिसेंबरात तेल बाहेर जाऊ न देण्याचं आंदोलन सुरू झालं, ते जवळजवळ वर्षभर चाललं. रक्त देऊ, पण तेल देणार नाही, अशी तिथली घोषणा होती. त्या आंदोलनात बाया हजारोंनी रस्त्यावर बसल्या. पण वाटाघाटीच्या टेबलाशी किती होत्या?

शेजारच्या पाकिस्तानात बलुचिस्तानमध्ये सुई नावाचं गाव आहे. तिथं १९५२ साली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. तो नळीनं कराचीला, पंजाबला गेला. बलुचिस्तानची राजधानी क्वेट्टा, तिथं हा वायू पोचायला १९८० चं दशक उजाडलं. आजही बलुच लोकांच्या तक्रारींत ही तक्रार वरच्या क्रमांकावर असते. ज्या मातीतून वायू निघाला, त्याच मातीवरच्या बाया सरपण वेचत राहिल्या.

तिसरं उदाहरण नेपाळचं. त्या देशाला लागणारं पेट्रोल, डिझेल, गॅस सगळं भारतातूनच जातं. सप्टेंबर २०१५ मध्ये नव्या राज्यघटनेवरून तराईत मधेशींचं आंदोलन पेटलं आणि सीमेवरून माल जाईनासा झाला. नेपाळ सरकार भारताकडं बोट दाखवत होतं, भारत सरकार ते नाकारत होतं. पुढं २०१६ च्या फेब्रुवारीपर्यंत हे चाललं. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, त्याच देशाला भूकंपानं जमीनदोस्त केलं होतं. त्या हिवाळ्यात काठमांडूत लोकांना अर्धी भरलेली टाकी मिळत होती आणि शहरातल्या बाया अंगणात, गच्चीवर तीन दगड मांडून रांधत होत्या. १० सप्टेंबर २०१९ ला बिहारमधल्या मोतिहारीहून नेपाळच्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलाची पाईपलाईन सुरू झाली. दोन्ही पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. टँकरची कटकट गेली, हे चांगलंच झालं. पण विकणारा तोच राहिला. नळी आली म्हणून परावलंबन संपत नाही, कधीकधी ते जमिनीत पक्कं गाडलं जातं.

या तिन्ही ठिकाणी भांडणाचे पक्ष कोण? केंद्र आणि राज्य, हा देश आणि तो देश, कंपनी आणि सरकार. चुलीपाशी बसलेली बाई कुठल्याच बाजूला पक्षकार म्हणून नाही. तिचं नाव येतं ते फक्त "जनतेचे हाल" या दोन शब्दांत.

आपल्या सह्याद्रीतही हेच

हे सगळं लांबचं वाटेल. पण आमच्या पालीच्या बायांना नळीचं राजकारण नवीन नाही. तालुक्यात धानेपला गुंजवणी धरण झालं. त्याचं पाणी बंद पाईपलाईननं पुरंदरकडं न्यायचं, यावरून वेल्हे-भोर एका बाजूला आणि पुरंदर दुसऱ्या बाजूला असा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. पुरंदरच्या बाईलाही पाणी हवंच आहे. ती काही आपली वैरीण नाही. पण धरणाखालच्या गावाला आधी पाणी, की आधी नळी, हा प्रश्न मिटत नाही. मावळात पवनेच्या बंद पाईपलाईनविरुद्ध आंदोलन झालं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला पोलिसांनी गोळीबार केला. तिघं मेले. त्यांत एक बाई होती.

डोंगरापलीकडं मुळशी आहे. तिथं १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. टाटांच्या धरणात गावं आणि भातखाचरं गेली, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या घरात दिवा त्यानंतर कितीतरी वर्षं रॉकेलचाच होता.

इंधनाच्या परावलंबनाचा आपल्या राज्यातला सर्वांत मोठा धडा मात्र दाभोळचा. एन्रॉन कंपनीबरोबर १९९२ साली बोलणी सुरू झाली. गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या शिवारात प्रकल्प आला. वीज आधी नाफ्त्यावर आणि पुढं परदेशातून आणलेल्या द्रवरूप वायूवर करायची होती. म्हणजे इंधन बाहेरचं, हिशेब डॉलरमध्ये, आणि वीज घेण्याचं बंधन आपल्या वीज मंडळावर. १९९५ साली नव्या सरकारनं करार मोडला आणि वर्षभरात पुन्हा केला. मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये वीज मंडळानं घेणंच थांबवलं. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढं २००५ साली प्रकल्प सरकारी कंपन्यांच्या हाती आला. दाभोळ-पनवेल वायूवाहिनी झाली, २०१३ साली बंगळूरकडं जाणारी वाहिनीही झाली. त्याच वर्षी, देशातल्या समुद्रातून मिळणारा वायू आटला म्हणून दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. पुन्हा सुरू झाला तो २०१५ च्या अखेरीस, मुख्यतः रेल्वेला वीज देण्यासाठी.

या हकिगतीत बाया कुठं होत्या? सर्वांत पुढं होत्या. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष मासेमारीला समुद्रावर गेले होते. बायांना घरांतून ओढून बाहेर काढलं, काठ्यांनी मारलं, गाड्यांत कोंबलं. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं त्याच वर्षी जुलैमध्ये यावर अहवाल प्रसिद्ध केला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचनं सविस्तर पुस्तकच काढलं. जगानं दखल घेतली. पण वीज किती दरानं घ्यायची, इंधन कुठून आणायचं, समुद्राचं पाणी तापलं तर मासळीचं काय, या कुठल्याही निर्णयात वेलदूरच्या कोळणींना कुणी विचारलं नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला माणसं आली, तेव्हा तीच गोष्ट पुन्हा घडली. भर उन्हात बाया रस्त्यावर आडव्या पडल्या. अश्रुधूर झाला, धरपकड झाली. सव्वीस वर्षांत बदललं काय?

कायदा काय म्हणतो

पालीतून तेलाची पाईपलाईन जात नाही. उद्या जाणार नाही असं मात्र कुणी सांगू शकत नाही. म्हणून हा कायदा आपल्याला माहीत हवा.

पेट्रोलियम पाईपलाईनसाठी १९६२ सालचा केंद्राचा कायदा आहे. त्यात जमीन घेत नाहीत, जमिनीखालून नळी नेण्याचा 'वापर हक्क' घेतात. मालकी शेतकऱ्याचीच राहते. अधिसूचना निघते. ती लोकांना उपलब्ध झाली की २१ दिवसांच्या आत हरकत घेता येते. मग नळी पुरतात, वरून माती लोटतात, आणि त्या पट्ट्यात पुन्हा पीक घेता येतं. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, तळं करायचं नाही, झाड लावायचं नाही. पिकाची, झाडांची नुकसानभरपाई मिळते. शिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. बस्स. तमिळनाडूतल्या सात जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी कोची-बंगळूर वायूवाहिनी शेतातून नको, हमरस्त्याच्या कडेनं न्या, असं म्हटलं होतं. राज्य सरकारही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीचा वापर हक्क मान्य केला.

आता हाच कायदा बाईच्या बाजूनं वाचून पाहा.

झाड लावायचं नाही, म्हणजे बांधावरचा आंबा, फणस, ऐन, किंजळ गेली. बांधावरचं झाड म्हणजे बाईचं घराजवळचं सरपण. ते गेलं की डोंगराची चढण वाढली. दुसऱ्याचं इंधन नेण्यासाठी तिचं इंधन काढून घेतलं, आणि भरपाईच्या यादीत त्या झाडाची किंमत लागली ती फळाची आणि लाकडाची. तिच्या रोजच्या खेपांची नाही.

हरकत घ्यायला २१ दिवस. नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. आमच्या भागात तो बहुतेकदा मुंबईला किंवा पुण्याला कामाला असतो. शेत पाहते बाई, आणि कागद जातो भलतीकडं. हरकतीचे दिवस असेच निघून जातात.

पण याच कायद्यात एक फट आहे आणि ती आपण ओळखली पाहिजे. दहा टक्क्यांची भरपाई फक्त मालकालाच द्यावी असं कायदा म्हणत नाही. नळीमुळं जमिनीच्या उपभोगाच्या हक्काला बाधा आलेल्या इतर व्यक्तीचाही त्यात उल्लेख आहे. रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडं जाता येतं. जी बाई वीस वर्षं ती जमीन कसते आहे, तिचा हक्क उपभोगाचा हक्क नाही, असं कुणाला म्हणता येईल? हा मुद्दा घेऊन आपल्यापैकी कुणी लढलं पाहिजे.

मग गॅस नको का?

इथपर्यंत वाचून एखादी मैत्रीण विचारेल, की मग तुमचं म्हणणं काय? पाईपलाईन नको? गॅस नको? चूलच बरी?

नाही. हे स्पष्ट म्हटलं पाहिजे, कारण परावलंबनाविरुद्ध बोलताना आपल्यातले काही जण फार लवकर चुलीच्या प्रेमात पडतात. चुलीपुढं न बसणाऱ्यांना ते परवडतं. पावसात भिजलेलं सरपण फुंकून फुंकून ज्यांची छाती भरून येते, वनखात्याच्या माणसाला पाहून ज्यांना मोळी टाकून पळावं लागतं, त्यांच्यापैकी एकीनंही मला आजवर गॅस नको असं सांगितलेलं नाही. बारसूच्या बाईनं रिफायनरी नको म्हटलं आणि पालीची बाई गॅस हवा म्हणते, यात विरोध नाही. दोघींचीही तक्रार एकच आहे, आमच्या जिण्याबद्दल ठरवलंत, पण आम्हांला विचारलं नाहीत.

१ मे २०१६ ला उत्तर प्रदेशातल्या बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली. दहा कोटींहून जास्त घरांत गॅस पोचला, आणि जोडणी बाईच्या नावानं दिली. हे मोठं काम झालं, ते नाकारू नये. पण शेगडी आली म्हणजे इंधन आलं असं नाही. उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी चार-साडेचार टाक्याच भरल्या जातात, असं सरकारचेच आकडे सांगतात. चार-पाच माणसांचं घर एवढ्यावर वर्षभर रांधू शकत नाही. उरलेले महिने चूलच. त्यातच गॅस मिळाला म्हणून रेशनकार्डावर शिक्का बसला आणि रॉकेल बंद झालं. पूर्वी अडीअडचणीला लाकूड, शेणी, रॉकेल असे तीन आधार होते. आता टाकी आणि लाकूड एवढंच. टाकी अडली की थेट डोंगर.

देशाला जे परावलंबन नको वाटतं, ते घराघरांत आहेच. नंबर लावायचा मोबाईल नवऱ्याचा. निरोप त्याच्या मोबाईलवर येतो, पैसे त्याच्या खिशात. टाकी संपली हे त्याला सांगायचं, आणि "एवढ्यात कशी संपली?" याचा जाब द्यायचा. होर्मुझची सामुद्रधुनी आखातात आहे तशी प्रत्येक घरातही एक आहे.

नावाची गंमत

२०२४ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली. वर्षाला तीन टाक्या मोफत. अट अशी की गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी. त्या वेळी मी जे पाहिलं ते विसरणार नाही. जोडणी पुरुषाच्या नावावर होती त्या घरांतले नवरे, सासरे, दीर स्वतः कागद घेऊन बायकोला, सुनेला एजन्सीत घेऊन गेले. आधारकार्ड, फोटो, अंगठा, सगळं भराभर झालं. वर्षानुवर्षं ज्या घरात बाईचं नाव फक्त लग्नपत्रिकेवर छापलं होतं, तिथं ते गॅसच्या पुस्तकावर लागलं.

मग पालीच्या बैठकीत मी विचारलं, सातबाऱ्यावर किती जणींचं नाव आहे? दोनच हात वर आले. त्या दोघी विधवा होत्या.

नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आपल्या राज्यात १९९० च्या दशकापासून आहे. त्याआधी शेतकरी संघटनेनं याच नावानं मोहीम केली होती. म्हणजे मार्ग आहे. तीन टाक्यांसाठी नाव लावायला जे घर एका दिवसात तयार झालं, तेच घर जमिनीसाठी तीस वर्षांत तयार झालं नाही. फायदा घ्यायचा तेव्हा बाईचं नाव, हक्क द्यायचा तेव्हा पुरुषाचं, हा हिशेब आपण ओळखला पाहिजे. पाईपलाईनची नोटीस गॅसच्या पुस्तकावरच्या नावाला येत नाही. ती सातबाऱ्यावरच्या नावाला येते.

आपण काय मागायचं

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं मुंबईत बायांना रस्त्यावर आणलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढं होत्या. हातांत थाळ्या आणि लाटणी होती, आणि मागणीत धान्य, साखर, तेल, रॉकेल होतं. पुढच्याच वर्षी, १९७३ च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल अडवलं आणि जगभर भाव भडकले. आपल्या बायांनी लाटणं उचललं ते त्याच्याही आधी. चुलीचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे आपल्या चळवळीला तेव्हापासून माहीत आहे. मधल्या काळात आपण तो प्रश्न योजनांच्या हवाली केला.

तो परत हाती घ्यायला हवा. मला सुचतात त्या मागण्या अशा. पाईपलाईन पाण्याची असो, तेलाची असो की वायूची, तिची अधिसूचना निघाली की त्या गावात बायांची स्वतंत्र ग्रामसभा व्हावी, आणि तिचा ठराव हरकत म्हणून दाखल करून घ्यावा. भरपाई ठरवताना सातबाऱ्याबरोबर प्रत्यक्ष कसणारीची नोंद घ्यावी, आणि सरपण देणाऱ्या झाडाची किंमत वेगळी लावावी. ज्या गावाच्या शिवारातून नळी जाते, त्या गावाच्या घरांना इंधन आधी मिळावं. डोंगरी गावांत टाक्यांचा पावसाळ्यापुरता साठा गावातच, बायांच्या गटाच्या ताब्यात असावा, म्हणजे खालच्या रस्त्यावर तासन्तास थांबावं लागणार नाही. आणि सगळा भार एकाच टाकीवर नको. गोठ्यात चार जनावरं असतील तिथं गोबरगॅस, वीज नीट येते तिथं विजेची शेगडी, धुराडं असलेली चूल, असे दोन-तीन आधार प्रत्येक घरात हवेत. देशानं एकाच आखातावर अवलंबून राहू नये, असं सगळे तज्ज्ञ म्हणतात. घरानंही एकाच टाकीवर राहू नये.

यातली पहिली गोष्ट मात्र कुणाकडं मागायची नाही, आपणच करायची आहे. ती म्हणजे सातबाऱ्यावर नाव. ते असेल तर उद्या नळी आली तरी नोटीस आपल्या हातात येईल.

पुढच्या खेपेला मी पालीला गेले तेव्हा आजींना शोधून काढलं. म्हटलं, आजी, तुमचा प्रश्न विचारून आले. मग जहाज, सामुद्रधुनी, उरण, पाईपलाईन, सगळं सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी लई लांबनं येतो की," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आन् थांबला तर इचारायचं कुणाला, ते नाय सांगितलंस."

अजूनही ते मला सांगता येत नाही. पण त्या दिवशी आजींनी सुनेला हाक मारली आणि तलाठ्याकडं कधी जायचं ते विचारलं. जमीन आजींच्या मुलाच्या नावावर आहे. त्याला पुण्याहून बोलावून घेतलं आहे. तो येतो की नाही, आला तर सही करतो की नाही, हे पुढच्या अंकात कळवीन.

तुमच्या गावातून, शेतातून अशी एखादी नळी गेली असेल, तर नोटीस कुणाच्या नावानं आली, पैसे कुणाच्या हातात पडले, ते जरूर लिहून कळवा.